तात्या इन्व्हर्टरकडे बघत बसला होता

घरी कोणी नवीन माणूस आलं की चहा होईपर्यंत पण धीर नसतो, प्रश्न ठरलेला. "अगं पण तो साप मांजराला खाणार नाही का?" मी आता उत्तर देतच नाही, सरळ तात्याला उचलून मांडीवर ठेवते. तात्या म्हणजे आमचा बोका, पाच किलोचा ऐवज, डावा कान मारामारीत फाटलेला. आणि साप म्हणजे रज्जू, बॉल पायथन, साडेतीन फूट लांब आणि वजन जेमतेम सव्वा किलो. आता कोण कोणाला खाणार ते तुम्हीच ठरवा.

आमचं नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो हाऊस आहे. माणसं तीन (मी, नवरा, सासूबाई), कुत्री दोन, मांजरं दोन. बंड्या गावठी, रस्त्यावरून आणलेला, राणी लॅब्रॅडॉर, म्हातारी पण जिभेने तरुण. तात्या आणि चिमी. एवढं असताना साप पाळायची हौस मला अजिबात नव्हती हे आधीच सांगते. रज्जू माझ्या भाच्याचा. तो पुण्याला नोकरीला होता, गेल्या सप्टेंबरात शिकायला जर्मनीला गेला आणि जायच्या आधी दोन आठवडे मला फोन करून एकदम लोण्यासारखा बोलायला लागला, "मावशी, तुझ्याकडे एवढे प्राणी आहेतच ना, त्यात एक". मला वाटलं ससा वगैरे असेल.

कागद सगळे नीट होते, ते एक त्याने चांगलं केलं. बॉल पायथन आपल्याकडचा नाही, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, त्यामुळे तो पाळता येतो पण नोंदणी लागते. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि मग २०२४ ला नोंदणीचे नियम आले, परिवेश नावाच्या सरकारी पोर्टलवर सगळं भरायचं, प्राणी दुसऱ्याकडे दिला तरी कळवायचं, पिल्लं झाली तरी, मेला तरी. आपल्याकडचा साप मात्र कुठलाच पाळायचा नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला होता, काकू आमच्या द्राक्षबागेत एवढी मोठी धामण आहे, आणू का रज्जूला जोडीदार म्हणून? म्हटलं बाबा, धामण, नाग, घोणस हे सगळे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, तुझ्याबरोबर मला पण आत घालतील. आणि तुझ्या बागेतले उंदीर मग कोण खाणार?

तर रज्जू आला, काचेच्या टाकीसकट. वरती लोखंडी जाळीचं झाकण, चार बाजूंना चार क्लिपा, झाकणावर उष्णता देणारा सिरॅमिकचा दिवा, ज्याला उजेड नसतो, नुसती ऊब. या सापाला एका बाजूला ३१-३२ डिग्री लागतं आणि दुसऱ्या बाजूला २५-२६, म्हणजे त्याला पाहिजे तसं इकडून तिकडे सरकता येतं. भाच्याने सगळं वहीत लिहून दिलं होतं, थर्मोस्टॅट कसा लावायचा, पाणी कधी बदलायचं, कात टाकायच्या आधी डोळे निळसर दुधाळ होतात तेव्हा हात लावायचा नाही, सगळं. फक्त एक गोष्ट नव्हती लिहिलेली. त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मांजर नव्हतं.

आम्ही टाकी हॉलमध्ये ठेवली, टीव्हीशेजारी, जमिनीवर. पहिल्याच रात्री तात्या त्या झाकणावर जाऊन बसला. त्याचं काही सापाशी वैर नव्हतं हो, त्याला नुसतं ऊबदार लागलं. नाशिकच्या हिवाळ्यात मांजराला यापेक्षा काय पाहिजे, निफाडला द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटायला लागल्या की आमच्याकडे तात्या टाकीवर. मी उठवायची, तो परत बसायचा. शेवटी मी पण सोडून दिलं, उलट फोटो काढून भाच्याला पाठवला, खाली साप वर बोका, त्याने हार्ट टाकलं. आता तो फोटो बघितला की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

खाली बंड्याचं वेगळंच. त्याने पहिले चार दिवस टाकीसमोर बसून भुंकून घेतलं. सापाला कान दिसायला नसतात म्हणून मला वाटलं त्याला काय ऐकू येतंय, भुंकू दे. पण साप जमिनीतून थरथर पकडतात, जबड्याच्या हाडातून ती आतल्या कानापर्यंत जाते, आणि पंचवीस किलोचं कुत्रं फरशीवर धाडधाड पळतंय म्हणजे रज्जूच्या दृष्टीने रोज भूकंप. तो सारखा गुंडाळी करून डोकं मध्ये लपवून बसायचा. त्यालाच बॉल म्हणतात, घाबरला की चेंडू. मला वाटायचं झोपलाय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदा जेवला आणि मग बंद. उंदीर समोर धरला की तोंड फिरवायचा. थंडीत हे साप दोन दोन तीन तीन महिने जेवत नाहीत हे वाचलं होतं, त्यामुळे दोष थंडीला दिला, पण कुत्र्याचा पण वाटा होता असं मला आता वाटतं.

उंदरांचं सांगायचं राहिलं. मेलेले, फ्रोजन, पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात येतात. जिवंत देत नाही, एक तर ते क्रूर आहे आणि दुसरं म्हणजे साप भुकेला नसला तर उंदीरच त्याला कुरतडतो. सासूबाई माळकरी, कांदा लसूण पण एकादशीला नाही. त्यांनी फ्रीजर उघडला तर मटारच्या पिशवीशेजारी उंदीर. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं दार लावलं, दोन दिवस फ्रीजकडे गेल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, लांबड्याला खायला लागतं हे मला समजतं. पण माझ्या मटारशेजारी नको." मग जुना छोटा फ्रीज घेतला, तो वरच्या खोलीत. आईंनी आजपर्यंत साप हा शब्द उच्चारलेला नाही, त्यांच्या माहेरी येवल्याकडे संध्याकाळनंतर नाव घेत नाहीत, जनावर नाहीतर लांबडं म्हणायचं. त्या दिवसा पण लांबडंच म्हणतात, रिस्क नको.

आता ती जानेवारीतली रात्र. पौष वद्य एकादशी, त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा, आई दिंडीबरोबर गेलेल्या. नवऱ्याची अंबडला नाईट शिफ्ट. घरात मी आणि पाच जनावरं. डिसेंबरमध्ये दोनदा लाईट जाऊन टाकी गार पडली होती म्हणून आम्ही इन्व्हर्टर घेतला होता, खास रज्जूसाठी, नवरा त्याला 'सापाचा हप्ता' म्हणतो. रात्री दीडच्या सुमारास लाईट गेली, इन्व्हर्टरचा घरघर आवाज सुरू झाला, मी कूस बदलून झोपले. सकाळी सहाला पाणी प्यायला उठले तर झाकणाची जाळी मध्ये खोलगट झालेली, एक क्लिप फरशीवर पडलेली, आणि झाकणाच्या कोपऱ्यात चार बोटं फट. रज्जू नाही.

बिनविषारी आहे, चावला तरी काही होत नाही, हे सगळं मला पाठ होतं. तरी पाय गार पडले. साप मला काही करेल याची भीती नव्हती, भीती होती ती राणीची, जिला जमिनीवर पडलेली कुठलीही वस्तू खाद्य वाटते, आणि मांजरांची. मांजर म्हणजे नखं आणि दात. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, एक छोटासा दात लागला तरी सापाच्या अंगात विष पसरल्यासारखं इन्फेक्शन जातं. घरात विषारी म्हणायचं झालं तर तो तात्याच.

पहिल्यांदा दोन्ही कुत्री गच्चीवर कोंडली. चिमी कपाटावर झोपलेली, तिला बेडरूममध्ये टाकून दार लावलं. तात्या कुठे दिसेना. मग प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर रांगोळीची पूड पसरली, परदेशातले लोक यासाठी मैदा पसरतात असं वाचलं होतं, माझ्या हाताशी रांगोळीचा डबा होता. म्हणजे सरकला तर रेघ उमटेल. आणि मग विचार केला की बाहेर नऊ-दहा डिग्री, हा गार पडलेला प्राणी जाणार कुठे, तर ऊब आहे तिथे. फ्रीजच्या मागे टॉर्च मारला, सेट टॉप बॉक्स बघितला, गादीखाली, सोफ्याच्या फाटलेल्या अस्तरात कोपरापर्यंत हात घातला. काही नाही. तेवढ्यात आईंचा फोन. "अगं, इथं थंडी फार आहे, लांबडं बरं आहे ना?" मी म्हटलं हो आई, झोपलंय. एकादशीच्या दिवशी, यात्रेत उभ्या असलेल्या सासूला खोटं बोलले.

फोन ठेवताना जिन्याकडे लक्ष गेलं. जिन्याखाली आमचा इन्व्हर्टर. आणि त्याच्यासमोर तात्या, पुढचे पाय जोडून, मान थोडी खाली, शेपटीचं फक्त टोक हलतंय. हे बसणं मला माहितीये, उंदराच्या बिळासमोर बसतो तसं. हाक मारली तर कान पण हलवला नाही. मी त्याला मागून उचलला, रागाने गुरगुरला, बाथरूममध्ये टाकला, आणि इन्व्हर्टरची ट्रॉली हळूच ओढली. भिंत आणि बॅटरीच्या मध्ये, जिथे रात्रभर इन्व्हर्टर चालून कोमट झालं होतं तिथे, रज्जू चेंडू करून बसलेला. अंगावर धूळ आणि कोळ्याचं जाळं. माझ्याच पैशाने घेतलेल्या इन्व्हर्टरचा त्याने बरोबर उपयोग करून घेतला होता, फक्त आम्ही ठरवला तसा नाही.

शेपटीच्या वर दोन खवले उचकटलेले होते आणि रक्ताचा सुकलेला ठिपका. नख लागलं होतं की ट्रॉलीचा पत्रा, कळायला मार्ग नाही. शहरात सापाला हात लावणारे डॉक्टर शोधणं हा एक वेगळा विषय आहे, दोघांनी फोनवरच "मॅडम आम्ही फक्त डॉग कॅट" सांगितलं, तिसऱ्यांनी बघितलं, बीटाडीन पाण्यात पातळ करून लावायला दिलं, आठ दिवस भुशाऐवजी कागदावर ठेवायला सांगितलं, आणि जाताना विचारलं, घरात मांजर आहे? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग नशीब चांगलं आहे तुमच्या सापाचं.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली, की मी चार महिने चुकीचा प्रयत्न करत होते. मला वाटत होतं हळूहळू सगळ्यांना एकमेकांची सवय होईल. इन्स्टावर ते व्हिडिओ असतात ना, मांजराच्या अंगावर अजगर, खाली हार्ट्स, 'बेस्ट फ्रेंड्स'. मला आता ते बघवत नाहीत. सापाला मैत्री नसते हो. त्याला ओळखीचा वास आणि अनोळखी वास कळतो, ऊब कळते, ओठांवर खड्डे असतात त्यातून दुसऱ्याच्या अंगाची उष्णता कळते. तो मांजराच्या अंगावर शांत पडलाय कारण मांजर गरम आहे, नाहीतर घाबरून गोठलाय. आणि मांजराचा मूड कधी फिरेल हे मांजराला पण माहिती नसतं. मांजराचं अगदी छोटं पिल्लू घरात असेल आणि अजगर मोठा असेल तर उलटा धोका पण खरा आहे, ते पण सांगून ठेवते, पक्षी किंवा हॅमस्टर असेल तर विचारूच नका.

मग सुतार बोलावला. मापं दिली, चार फूट रुंद, दोन खोल, दोन उंच, जमिनीपासून तीन फूट वर पक्क्या स्टँडवर, वरून पूर्ण बंद, पुढे सरकत्या काचा, दोन्ही बाजूंना हवेसाठी बारीक जाळी, दिवा आतून वर, त्याला तारेचा पिंजरा म्हणजे साप चिकटून भाजणार नाही. तो म्हणाला, "ट्रॉफ्या ठेवणार का मॅडम?" मी म्हटलं साप. तो हसला. पंधरा दिवसांनी काचा बसवायला आला, कोपऱ्यात टाकीत रज्जू बघितला, आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. उरलेलं काम तो गॅलरीतून सांगत होता आणि मी ड्रिल चालवत होते, "थोडं डावीकडे मॅडम, नाही नाही, तुमचं डावं". पैसे पूर्ण घेतले. काचांना कुलूप रविवार कारंजावरून आणलं, मोबाईलच्या दुकानातल्या शोकेसला असतं तसलं दातेरी, साठ-सत्तर रुपयांची वस्तू, पण अख्ख्या सेटअपमधली सगळ्यात महत्त्वाची. आणि हे सगळं वरच्या मागच्या खोलीत, दाराला बाहेरून कडी, जिन्याला खाली लोखंडी छोटं गेट. म्हणजे कुत्रा आणि सापाच्या मध्ये तीन अडथळे. एक विसरला तरी दोन राहतात, आणि आमच्या घरात रोज एक तरी विसरतोच.

मार्चमध्ये, वर हलवल्यावर तीन आठवड्यांनी, रज्जू जेवला. मी अंधारात पायरीवर बसून बघत होते. चिमट्यात धरलेला कोमट उंदीर, एक सेकंद काहीच नाही, जीभ दोनदा बाहेर, आणि मग काय झालं ते डोळ्याला दिसलंच नाही, एकदम तीन वेटोळी. मी खाली जाऊन नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. त्याने "अभिनंदन" म्हटलं आणि परत झोपला. तो अजून त्या खोलीत गेलेला नाही, दारातून थर्मोमीटर वाचून देतो.

आता नेम ठरून गेलाय. उंदीर काढायच्या दिवशी आधी कुत्र्यांना फिरवून, खायला घालून आणायचं, नाहीतर वास लागला की राणी जिन्याच्या गेटपाशी लाळ गाळत रडते. उंदीर गरम पाण्यात वितळवायचं घमेलं वेगळं, त्यावर मार्करने फुली, ते किचनच्या सिंकमध्ये कधीच धुवायचं नाही. साप दिसायला कितीही स्वच्छ असला तरी साल्मोनेला नावाचे जंतू बाळगून असू शकतो, त्यामुळे हात साबणाने, कोपरापर्यंत, आधी पण आणि नंतर पण. आधी का ते मी अनुभवातून शिकले, उंदराचा वास हाताला ठेवून मी त्याला उचलायला गेले आणि त्याने अंगठा धरला. दुखलं म्हणाल तर बोरीचा काटा लागल्याएवढं, पण दात मागे वळलेले असतात त्यामुळे हिसका द्यायचा नाही, थांबायचं. मी थांबले. त्याला कळलं की हे उंदीर नाही, सोडलं. बिचारा माझ्यापेक्षा जास्त गोंधळला होता. डासांची कॉइल त्या खोलीत लावत नाही, आणि जेवल्यावर दोन दिवस कोणी हात लावत नाही, नाहीतर उलटी करतो.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मागच्या अंगणात बंड्या विटांच्या ढिगात नाक घालून उभा होता आणि आतून कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज. घोणस. मी पट्ट्याला धरून त्याला अक्षरशः फरफटत आत आणला आणि १९२६ ला फोन लावला, वन विभागाची हेल्पलाईन, सर्पमित्र आले, बरणीत घालून घेऊन गेले. शेजारच्या काकू कंपाउंडवरून म्हणाल्या, "तू धरायचीस ना, तुझ्याकडे तर आहे एक." अहो काकू! पण त्या रात्री मला झोप लागली नाही कारण डोक्यात तेच चाललं होतं, समजा मी बंड्याला रज्जूची सवय लावली असती, त्याच्या नाकाला सापाचा वास म्हणजे घरचाच एक असं झालं असतं, तर त्याने त्या ढिगात अजून चार इंच नाक घातलं असतं. त्याला सापाची धास्ती आहे ती राहू दे.

नागपंचमीला घरात गंमत. आईंचा नेम कडक, तवा नाही, विळी नाही, सुरीसुद्धा नाही, दुपारी वाफवलेले पुरणाचे दिंड. पाटावर गंधाने नाग काढून पूजा झाली आणि मग त्या वाटीत दूध घेऊन जिना चढायला लागल्या, गुडघे दुखत असताना. मी म्हटलं आई, साप दूध पीत नाहीत, गारुडी त्यांना तहानलेले ठेवतात म्हणून पितात आणि मग आजारी पडतात. म्हणाल्या, "मला शिकवू नकोस, मी नुसतं दाखवते." दाखवलं. वाटी खाली आणून ठेवली तर चिमीने दोन मिनिटांत साफ केली. पण त्याच्या आधी आईंनी शोकेसच्या काचेवर कुंकवाचं एक बोट उमटवलं, बरोबर कुलपाच्या वर. ते अजून आहे. मी काच पुसते तेव्हा त्याच्या कडेकडेने पुसते.

भाच्याचा कोर्स दोन वर्षांचा. मागच्या आठवड्यात त्याने सहज सांगितलं की अमेरिकेत सेंट लुईसच्या झूमध्ये एका बॉल पायथन मादीने २०२० ला अंडी घातली तेव्हा ती बासष्टच्या आसपास होती. स्पीकरवर होता. आई शेजारी वाती वळत होत्या. हात थांबला. "म्हणजे हे लांबडं माझ्यापेक्षा जास्त जगणार?" मी म्हटलं पाळलेले साधारण वीस-तीस वर्षं जगतात आई, एवढं नाही. त्यांनी मनात हिशोब केला, मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता माझा हिशोब चालला होता.

बरं, उठते. आज रविवार, उंदीर काढायचाय, बंड्या-राणीला आधी फिरवून आणलं पाहिजे. आणि तात्या कालपासून वरच्या खोलीच्या दाराबाहेर, फटीतून जिथे जरा गरम हवा येते तिथे, अंग टाकून पडलाय. जुनं गोणपाट टाकून दिलंय त्याला.